हजेरी कुणाची, कशासाठी? माजी सैनिकांची उपचार न्यायालये आणि दंड-बक्षिसाचा इतिहास



पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा विचारलं, "ताई, विषय निवडताना परदेशातला विषय घेतला तर गाइड ओरडतील का?" मी म्हटलं, विषय कुठलाही घे, पण तो तुझ्या गल्लीत आणून बघ. टिकला तर घे. आजचा लेख हा असाच एक विषय गल्लीत आणून बघायचा प्रयत्न आहे. विषय अमेरिकेतला आहे: माजी सैनिकांसाठीची उपचार न्यायालये, म्हणजे व्हेटरन्स ट्रीटमेंट कोर्ट, आणि तिथे बक्षीस आणि दंड कसे वापरतात. गल्ली माझी, म्हणजे कागलची.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात माजी सैनिक गावोगाव भेटतात. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, म्हणजे हायवेला लागलं की दोन-एक तासांवर. इथे गल्लीगल्लीत एखादे सुभेदार, एखादे हवालदार असतात आणि निवृत्तीनंतरही लोक त्यांना नावापेक्षा हुद्द्यानेच हाक मारतात. बहुतेकांचं छान चाललेलं असतं. शेती, दूध, कुठे सिक्युरिटीची नोकरी. पण एखाद्याचं बिनसतं. झोप लागत नाही, दारू वाढते, घरात भांडण होतं, गाडी ठोकली जाते, केस होते. मग कट्ट्यावर दोनच मतं ऐकू येतात. एक, "आत टाका, त्याशिवाय सुधारायचा नाही." दुसरं, "देशासाठी बंदूक धरलीय, सोडून द्या." ही दोन्ही मतं त्या माणसाच्या पिण्याला हात लावत नाहीत. त्यांच्यामधला तिसरा रस्ता कुणी शोधला, कसा शोधला, आणि तो खरंच कुठे जातो का, हे बघायचं आहे.

दंड मोठा की खात्रीचा?

सुरुवात बरीच मागून करू. १७६४ साली इटलीत चेझारे बेक्कारिया या तरुण विचारवंताने गुन्हा आणि शिक्षा यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा आजही प्रत्येक अभ्यासात डोकावतो. शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती होणार याची खात्री किती आणि ती किती लवकर होते, यावर तिचा परिणाम ठरतो. तीन गोष्टी लक्षात ठेवा: खात्री, वेग, तीव्रता. आपण गप्पा मारतो तिसरीबद्दल, आणि काम करतात पहिल्या दोन.

बेक्कारिया शिक्षेबद्दल बोलत होता. बक्षिसाची बाजू एका नौदल अधिकाऱ्याने आणली. अलेक्झांडर मॅकोनोची स्वतः फ्रेंचांच्या कैदेत राहिलेला होता. १८४० साली ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरच्या कैदी वसाहतीचा ताबा त्याच्याकडे आला. तिथे तोपर्यंत चाबकाचं राज्य होतं. त्याने गुणांची पद्धत आणली. काम केलं, नीट वागलं की गुण जमा. बेशिस्त केली की गुण वजा. ठरावीक गुण झाले की सुटकेचा रस्ता मोकळा. शिक्षेची लांबी दिवसांत न मोजता कैद्याच्या वागण्यात मोजायची, ही कल्पना त्या काळात फार पुढची होती. चार वर्षांतच त्याला परत बोलावलं गेलं. पण पुढच्या काळातल्या पॅरोलच्या कल्पनेचं मूळ शोधताना अभ्यासक त्याच्यापाशी येतात.

आता कोल्हापूर संस्थानात या

कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि छत्रपती शाहू झाले, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यांचे दोन निर्णय मी आज वेगळ्या चष्म्यातून बघायला सांगणार आहे.

पहिला, १९१७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा. शिक्षण मोफत, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. एका बाजूला मोफत शाळा आणि वसतिगृहं, दुसऱ्या बाजूला दंड. म्हणजे प्रोत्साहन आणि शिक्षा एकाच धोरणात. यातला एक प्रश्न आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. पालकाच्या डोक्यात दंडाची तुलना कशाशी होते? मुलाच्या रानातल्या कामाशी. आमच्या कागलचे आनंद यादव यांचं 'झोंबी' वाचलं असेल, तर तो हिशेब तुम्हाला शिकवावा लागणार नाही. तो काळ या कायद्यानंतरचा आहे, पण बापाच्या दृष्टीने शाळा म्हणजे कामाचे दोन हात कमी होणं, हे तिथेही तेच आहे. दंड कामाच्या किमतीपेक्षा स्वस्त वाटला, तर माणूस दंड भरतो आणि मोकळा होतो.

हेच पुढे प्रयोगात दिसलं. इस्राएलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला. ग्नीझी आणि रुस्तिकिनी यांनी तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. दंड लावल्यावर उशीर कमी व्हायच्याऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही तो खाली आला नाही. आधी उशीर झाला की पालकांना ओशाळं वाटायचं. आता त्यांना वाटलं, पैसे भरतोय की. दंडाची किंमत झाली. हा मुद्दा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

शाहू महाराजांचा दुसरा निर्णय हजेरीचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, आणि त्यातूनच हजेरीची पद्धत आली. ठरावीक वेळी अधिकाऱ्यासमोर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचं. १९१८ साली महाराजांनी संस्थानात ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी राहायला जागा दिली, नोकरीत घेतलं, पहाऱ्याची कामं दिली.

आता वर्तनशास्त्राच्या भाषेत बघा. त्या हजेरीत काय चुकत होतं? ती माणसाच्या कुठल्याच कृतीशी जोडलेली नव्हती. चोरी केली तरी हजेरी, नाही केली तरी हजेरी. चांगलं वागून ती कमी करता येत नव्हती. म्हणजे वागणं बदलायला कारणच उरत नव्हतं. कृतीशी न जोडलेली शिक्षा माणसाला एवढंच शिकवते की आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही. अन्याय तर होताच. पण सुधारणेचं साधन म्हणूनही ती पद्धत फुसकी होती.

तिसरं उदाहरण औंध संस्थानातलं. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची कल्पना आणि औंधच्या राजेसाहेबांचा पाठिंबा. भिंत नाही, साखळी नाही, कैद्याने शेती करायची आणि कुटुंबासह राहायचं. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' या प्रयोगावरूनच सुचला. इथलं बक्षीस म्हणजे बायको-मुलं जवळ असणं, आणि शिक्षा म्हणजे ते गमावून भिंतीआड परत जाणं. बक्षीस रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे भिंतीची गरज भासली नाही.

व्हिएतनामची परीक्षा

आता सैनिकांकडे. १९७१ साली अमेरिकेत खळबळ उडाली की व्हिएतनाममधले सैनिक मोठ्या प्रमाणावर हेरॉइन घेतायत. अध्यक्ष निक्सन यांनी जेरोम जॅफी या डॉक्टरांना हाताशी घेतलं आणि एक साधा नियम आला: घरी जायच्या विमानात बसण्याआधी लघवीची तपासणी. हेरॉइन सापडलं तर विमान चुकलं, काही दिवस तिथेच उपचार. घरी जाणं हे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस होतं आणि ते एका तपासणीवर टांगलं गेलं. नियम पसरल्यावर तपासणीत सापडणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने घसरलं.

ली रॉबिन्स या संशोधिकेने परत आलेल्या सैनिकांच्या नंतर मुलाखती घेतल्या. साधारण २० टक्के सैनिकांनी व्हिएतनाममध्ये व्यसन जडल्याचं सांगितलं. पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास लोक पुन्हा व्यसनात अडकले. त्या काळी हेरॉइनचं व्यसन म्हणजे परतीचा रस्ता बंद असं समजलं जायचं, त्यामुळे लोकांचा विश्वासच बसेना.

इथे थांबा. हे कशामुळे झालं? तपासणीच्या नियमामुळे? की सगळं वातावरणच बदलल्यामुळे, म्हणजे युद्ध नाही, स्वस्त हेरॉइन नाही, जुने सोबती नाहीत, घर आहे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या. अशा ठिकाणी एकच कारण पकडून थीसिस लिहिणारे बरेच असतात. तुम्ही त्यांत जाऊ नका.

मायामी ते बफेलो

१९८९ साली फ्लोरिडातल्या मायामीत पहिलं ड्रग कोर्ट सुरू झालं. ड्रगच्या केसमधला माणूस तुरुंगात पाठवायचा, तो सुटायचा आणि पुन्हा त्याच गुन्ह्यात यायचा, याला कोर्ट कंटाळलं होतं. म्हणून न्यायाधीश, वकील, समुपदेशक यांनी एकत्र बसून आरोपीला उपचारात ठेवायचं आणि न्यायाधीशांनी वारंवार त्याची प्रगती बघायची, असं ठरलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल अशीच कोर्टं चालवत होते. त्यांच्यासमोर व्हिएतनाममधला एक माजी सैनिक यायचा. मान खाली, बोलणं तुटक, उपचारात रस नाही. रसेल यांनी आपल्या टीममधल्या दोन माजी सैनिकांना सांगितलं, त्याच्याशी बाहेर जाऊन बोला. तिघे कॉरिडॉरमध्ये थोडा वेळ बोलले. परत आल्यावर तो माणूस न्यायाधीशांसमोर सैनिकासारखा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, मी अजून प्रयत्न करतो. जानेवारी २००८ मध्ये रसेल यांनी माजी सैनिकांसाठी वेगळं उपचार न्यायालय सुरू केलं. आज अमेरिकेत अशी शेकडो न्यायालयं आहेत.

कामकाज ढोबळमानाने असं चालतं. सुरुवातीला साधारण दर दोन आठवड्यांनी न्यायाधीशांसमोर यायचं. अधूनमधून लघवीची तपासणी. सोबत एक मेंटॉर, तोही माजी सैनिक. कार्यक्रम टप्प्याटप्प्यांचा आणि वर्षभराहून जास्त चालणारा. बक्षिसं म्हणजे न्यायाधीशांनी भर कोर्टात केलेली शाबासकी, टाळ्या, पुढच्या टप्प्यात बढती, तारखा विरळ होणं, आणि शेवटी आरोप मागे घेणं किंवा कमी करणं. दंड म्हणजे कडक शब्दांत समज, समाजसेवेचे तास, संध्याकाळी घराबाहेर पडायला बंदी, क्वचित काही दिवस कोठडी, आणि शेवटचा उपाय म्हणजे कार्यक्रमातून बाहेर.

यातले बारकावे महत्त्वाचे आहेत.

एक, उपचारातला बदल हा दंड नसतो. एखादा माणूस प्रत्येक बैठकीला येतो, खरं बोलतो, पण घसरतो आणि पितो. त्याचे उपचार वाढवायचे, औषध बदलायचं. ते 'शिक्षा म्हणून' दिलं, तर उपचार म्हणजेच शिक्षा असं त्याच्या डोक्यात बसतं. याउलट एखादा तपासणी चुकवतो, खोटं बोलतो. तिथे दंड.

दोन, जवळचं ध्येय आणि लांबचं ध्येय वेगळं धरायचं. वेळेवर येणं आणि खरं सांगणं हे पहिल्या दिवसापासून जमण्यासारखं आहे, म्हणून ते चुकलं तर दंड. वर्षानुवर्षांची दारू पूर्ण सुटणं हे लांबचं आहे. पहिल्याच महिन्यात त्यासाठी मोठी शिक्षा दिली, तर माणूस हात टेकतो. कोठडी द्यायचीच तर ती तीन ते पाच दिवसांच्या पलीकडे सहसा जाऊ नये, असं ड्रग कोर्टांच्या व्यावसायिक मानकांनी २०१३ मध्ये सांगितलं.

तीन, हा सैनिक आहे. स्फोटात डोक्याला मार बसलेल्या माणसाला तारीख खरोखरच आठवत नसेल. त्याचं गैरहजर राहणं बेपर्वाई धरायची की लक्षण? इथे दंडाच्या तक्त्यापेक्षा डॉक्टरचा शब्द मोठा असायला हवा.

चिठ्ठ्यांचं भांडं

बक्षीस खरंच काम करतं का, याचा एक छान छोटा अभ्यास सांगते. नॅन्सी पेट्री आणि सहकाऱ्यांनी २००० साली दारूच्या आहारी गेलेल्या ४२ माजी सैनिकांवर तो केला. सगळ्यांना नेहमीचे उपचार होते. एका गटाला त्यावर एक भर: श्वासाच्या तपासणीत दारू आढळली नाही, किंवा ठरलेलं काम पूर्ण केलं, की भांड्यातून चिठ्ठी काढायची. बक्षिसं एका डॉलरपासून १०० डॉलरपर्यंतची, आणि मोठं बक्षीस अगदी विरळा. आठ आठवड्यांनंतर चिठ्ठीच्या गटातले ८४ टक्के लोक उपचारात टिकून होते, दुसऱ्या गटातले २२ टक्के. २०११ पासून अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने अशा पद्धतीचे उपचार आपल्या केंद्रांत पसरवले.

तुमच्यातल्या कुणाच्या मनात आलं असेल, "मोठ्या माणसांना लहान पोरांसारखं चॉकलेट कसलं द्यायचं?" आक्षेप रास्त आहे. पण दारू देते ते बक्षीसही लगेच मिळतं. न पिण्याचं बक्षीस, म्हणजे चांगलं लिव्हर, घरात शांतता, हे महिन्यांनी मिळतं. चिठ्ठी ही मधली दरी भरते, एवढंच तिचं काम.

मग सगळं जमलं का?

नाही. हवाई राज्यात २००४ साली न्यायाधीश स्टीव्हन अल्म यांनी प्रोबेशनवरच्या लोकांसाठी एक योजना सुरू केली. नियम मोडला की लगेच, खात्रीने, पण थोडीच कोठडी. म्हणजे बेक्कारिया जसाच्या तसा. पहिल्या प्रयोगाचे निकाल जोरदार आले. मग अमेरिकेत चार ठिकाणी तोच प्रयोग रँडम गट पाडून पुन्हा झाला. २०१६ मध्ये निकाल आले आणि नेहमीच्या प्रोबेशनपेक्षा म्हणावा असा फरक दिसला नाही. काय हललं? न्यायाधीश वेगळे, लोक वेगळे, राबवण्याची रीत वेगळी. म्हणजे खात्री आणि वेग पुरेसे नाहीत. समोरचा माणूस त्या न्यायाधीशाला न्यायी समजतो का, आणि दंडासोबत उपचार आहेत का, हेही मोजावं लागतं.

माजी सैनिकांच्या न्यायालयांवरचे बरेच अभ्यास तर रँडम नाहीतच. जे लोक कार्यक्रमात आले ते आधीच बदलायला तयार असलेले असू शकतात. अनेक ठिकाणी गंभीर हिंसेच्या केस घेतल्या जात नाहीत. कार्यक्रम पूर्ण केलेल्यांचाच निकाल मोजला, तर मधेच बाहेर गेलेले हिशेबातून गायब होतात. असा आकडा दिसला की आधी विचारा, किती जण सुरुवातीला होते?

आणि एक मूलभूत प्रश्न आहेच: सैनिकालाच का? गिरणीतून काढून टाकलेल्या कामगाराला का नाही? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पोर्टर खटल्यात युद्धातल्या सैनिकांना सहानुभूती देण्याच्या जुन्या परंपरेचा उल्लेख केला होता. परंपरा खरी, पण समतेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आपला कायदा काय देतो?

आपल्याकडे असं न्यायालय नाही, पण धागे आहेत. १९५८ चा प्रोबेशन कायदा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची मुभा देतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं कलम ३९ सांगतं की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कोर्ट तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल द्यायचा. समाधान झालं तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या हमीवर मोकळं. कलम ६४ अ स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देतं, आणि उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते.

आता वरचा सगळा इतिहास याला लावून बघा. बक्षीस मोठं आहे, सुटका. दंडही मोठा आहे, शिक्षा. पण दोन्ही लांब आहेत. मधल्या काळात त्या माणसाला पंधरा दिवसांनी "बरं चाललंय" म्हणणारं कुणी कायद्याने नेमलेलं नाही. शिवाय आमच्या गल्लीतल्या सुभेदारांची अडचण बहुधा दारूची असते, आणि ही दोन कलमं दारूला लागू नाहीत.

आणि पुन्हा हजेरी

मला हा विषय वाचताना एक शब्द टोचत राहिला, हजेरी. १९१८ साली कोल्हापुरात बंद झालेली एक हजेरी, आणि बफेलोत दर दोन आठवड्यांनी होणारी दुसरी. दोन्हीत माणूस सत्तेसमोर उभा राहतो. फरक कुठे? पहिली जन्मावर होती, दुसरी कृतीवर. पहिलीला शेवट नव्हता, दुसरी चांगलं वागलं की विरळ होत जाते. पहिलीत नोंद घेणारा होता, दुसरीत सोबत उभा राहणारा मेंटॉर आहे. पण यातली एकेक गोष्ट ढिली झाली, मेंटॉर गेला, शेवटची तारीख पुढे ढकलली गेली, आजारपणाला बेशिस्त म्हटलं गेलं, की दुसरी हजेरी पहिलीच्या दिशेने सरकते. न्यायालय नावाने उपचाराचं राहतं आणि कामाने पाळतीचं होतं.

म्हणून उद्या यावर सिनॉप्सिस लिहायला बसलात, तर "बक्षीस चांगलं की दंड?" असा प्रश्न घेऊ नका. त्याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही. प्रश्न बारीक करा. कुठल्या कृतीला? किती लवकर? कुणाच्या हातून? किती काळ? आणि ज्याच्यावर हे चाललंय त्याला ते न्याय्य वाटतं का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्या माजी सैनिकांशी, त्यांच्या संमतीने आणि एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, एवढंच विचारलं की उपचार सोडावेसे नेमके कधी वाटले आणि कुणामुळे टिकलात, तरी एक चांगला पायलट अभ्यास होईल. त्या उत्तरांत कुठेतरी तुमचा कॉरिडॉर सापडेल.